बर्फ, सोनं आणि खानापूर तालुका

तर झालं असं. गेल्या शुक्रवारी जेवणाच्या टेबलावर आमच्या टीममधल्या एकानं जाहीर केलं की तो पुणं सोडतोय. नोकरी नाही, फक्त पुणं. कायमचं घरून काम मंजूर झालंय आणि त्यानं हिमाचलात, मनालीच्या वरच्या अंगाला, एक लाकडी घर भाड्यानं घेतलंय. खिडकीतून बर्फाचे डोंगर, दारातून ट्रेकची वाट, आणि नेटसुद्धा चांगलं आहे म्हणे. मोबाईलवर फोटो फिरले. सगळ्यांनी उसासे टाकले. मीपण टाकला, खोटं कशाला बोलू? हिंजवडीच्या सिग्नलला रोज आयुष्य घालवणाऱ्या माणसानं असे फोटो बघूच नयेत.

मी आपलं सहज बोलून गेलो, "माझे मोठे मामा पस्तीसेक वर्षं श्रीनगरला होते."

"आर्मीत?"

"नाही, गलाईत."

टेबलावर एकालाही शब्द कळला नाही. सांगली-साताऱ्याकडचा एक जरी असता तर त्यानं लगेच विचारलं असतं, "कुठलं गाव?" दोघांना तर मी 'गल्लीत' म्हणालो असं वाटलं :-) मग एकीनं विचारलं, "वॉव, म्हणजे त्यांना रोज तो व्ह्यू?" ह्याचं उत्तर तिथं दोन वाक्यांत देता आलं नाही, म्हणून शनिवारची सकाळ ह्या लेखाला दिली.

सुरुवात जरा लांबून करतो. हवेसाठी आणि देखाव्यासाठी डोंगरावर राहायला जायचं, ही आपल्याकडची कल्पना तशी नवीच. दोनशे वर्षांपूर्वी डोंगरावर जायचं ते किल्ल्यासाठी, देवासाठी नाहीतर गुरं चारायला. क्षेत्र महाबळेश्वरला लोक शेकडो वर्षं जात होते, पण ते कृष्णेच्या उगमाच्या दर्शनाला. सूर्यास्त बघायला कोणी गेल्याचं ऐकिवात नाही. १८२४ साली साताऱ्यातल्या इंग्रजी फौजेचा अधिकारी लॉडविक हे पठार चढून गेला आणि इथली हवा कशी थंड आहे हे त्यानं मुंबईच्या वर्तमानपत्रात लिहून कळवलं. (आजच्या भाषेत ट्रॅव्हल ब्लॉग. त्याच्या नावाचा पॉइंट अजून आहे.) सिमला आणि उटीचा शोधही साहेबाला त्याच सुमारास लागला होता. मग मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम आला. आजारी गोऱ्या सोल्जरांसाठी हवापालटाची जागा हवी, म्हणून त्यानं १८२८ मध्ये मनावर घेतलं. डोंगर साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांच्या राज्यात. महाराजांनी साताऱ्याहून वर जायला रस्ता करून दिला आणि १६ मे १८२९ च्या करारानं पठार कंपनीला दिलं. बदल्यात वाईकडचं खंडाळा हे गाव मिळालं. (लोणावळ्याशेजारचं नव्हे, साताऱ्यातलं.) नव्या वसाहतीचं नाव माल्कमपेठ.

पुढचं शाळेच्या पुस्तकात सहसा एकत्र येत नाही. ज्यांनी साहेबाला डोंगरावर जायचा रस्ता बांधून दिला त्या प्रतापसिंहांना कंपनीनं १८३९ मध्ये गादीवरून काढून बनारसला पाठवलं. महाराज १८४७ मध्ये तिकडेच वारले. त्यांचे वकील रंगो बापूजी दाद मागायला लंडनला जाऊन वर्षानुवर्षं खेटे घालत राहिले, हाती काही लागलं नाही. आणि महाबळेश्वरी थंड हवेत साहेबाच्या टेबलावर जी भाजी, जे बटाटे येत होते ते कोण पिकवत होतं? मलाया-सिंगापूरकडच्या इंग्रजी वसाहतींतून आणलेले चिनी कैदी. त्यांच्यासाठी वर एक तुरुंगच होता, १८६४ पर्यंत. त्या कैद्यांनाही तो समोरचा व्ह्यू रोज दिसत असणार. पण पॉइंटांच्या नावांत लॉडविक आहे, आर्थर आहे, एल्फिन्स्टन आहे. त्यांच्यातलं एकही नाव नाही.

आणि गंमत म्हणजे हे 'राहायला जाणं' तरी किती दिवसांचं? जून लागला की साहेब सामान बांधून खाली. महाबळेश्वरचा पाऊस म्हणजे वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर, तो काढायला मागे राहायचा स्थानिक माणूस.

आता नकाशावर बोट पूर्वेकडे सरकवा. सह्याद्रीनं ढग पिळून घेतले की पुढे काही उरत नाही. महाबळेश्वरपासून शे-सव्वाशे किलोमीटरवर माण तालुका, तिथं वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. खटाव, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत आणि आमचं खानापूर, सगळी एकाच माळेतली. (मी सातारा आणि सांगली एकाच दमात का म्हणतोय असं वाटेल. सांगली जिल्हाच मुळात १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' म्हणून जन्मला, सांगली हे नाव १९६० मध्ये मिळालं. आमचं खानापूर त्याआधी साताऱ्यातच होतं. आजी शेवटपर्यंत 'सातारा जिल्हा'च म्हणायची.) महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा वाई, कऱ्हाड करत आमच्या पायथ्याकडून जाते. पण विट्याचा भाग उंचावर. नदी खाली, आम्ही वर. पिढ्यानपिढ्या पाणी जवळून जाताना बघत राहायचं.

१८७६-७८ चा दुष्काळ, १८९६-९७ चा, आणि म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून असलेला १९७२ चा. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) ज्यांनी वाचलीय त्यांना शेवटी गाव कसं रिकामं होतं ते आठवत असेल. माडगूळ आमच्या शेजारच्या आटपाडी तालुक्यातलं. असं गाव रिकामं झालं की माणसं जायची कुठं? माण-खटावची पुष्कळशी मुंबईला, गिरण्यांत आणि हमालीला. आणि खानापूर-आटपाडी-तासगावची बरीचशी गलाईला.

गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याचा धंदा. गिऱ्हाईक जुना दागिना सोनाराकडे मोडतं, सोनार तो गलाईवाल्याकडे आणतो. दागिन्यात तांबं-चांदी मिसळलेली असते, ती काढून शुद्ध सोनं परत द्यायचं. किती शुद्ध आहे ते सांगायचं, त्याला टंच काढणं म्हणतात. हे काम करणारे जातीनं सोनार नव्हेत, बहुतेक सगळे कोरडवाहू शेतकऱ्यांची पोरं.

पद्धत ऐकली तेव्हा माझ्यातला इंजिनियर खूश झाला होता. सोन्यातलं तांबं काढायला नायट्रिक ॲसिड (तिकडे नुसतं 'तेजाब') वापरायचं, पण सोनं जास्त असेल तर ॲसिडला आत शिरता येत नाही. म्हणून आधी उलटंच करायचं. त्यात मुद्दाम आणखी चांदी घालून मुशीत वितळवायचं, सोनं साधारण चौथा हिस्सा होईपर्यंत. मग ॲसिडमध्ये उकळलं की चांदी-तांबं विरघळून जातं आणि तळाला उरते तपकिरी भुकटी, कॉफीसारखी. हेच ते सोनं, असं सांगितलं तर विश्वास बसणार नाही. ती धुऊन, सवागी टाकून पुन्हा आटवली की पिवळीजर्द लगड. ॲसिडात गेलेली चांदीही सोडत नाहीत, त्यात तांब्याचे तुकडे टाकले की ती परत खाली बसते. शुद्ध करण्यासाठी आधी अशुद्ध करायचं, हे सातवी पास माणूस मला समजावून सांगत होता आणि मी चार वर्षं इंजिनियरिंग करून तोंड उघडं टाकून ऐकत होतो.

हा धंदा देशभर पसरला त्याचं कारणही, मला वाटतं, त्याच्या हिशेबातच आहे. एका सराफ पेठेला गलाईवाले लागतात मोजकेच. चुलता एका गावात दुकान टाकतो, गावाकडून पुतण्याला हाताखाली आणतो. पुतण्या चार-सहा वर्षांत शिकतो. आता त्याच पेठेत चुलत्याच्या समोर दुकान टाकणार का? मग तो पुढच्या शहरात जातो आणि आपल्या मेव्हण्याला बोलावतो. कंपनी नाही, मॅनेजर नाही, बँकेचं कर्ज नाही, तरी शाखा वाढतच जातात. कोइमतूर, त्रिशूर, कोलकाता, अमृतसर, जम्मू, काठमांडू... आमच्याकडे 'काश्मीर ते कन्याकुमारी' हे भाषणात नाही, लग्नाच्या पत्रिका वाटायच्या यादीत येतं.

मामा चौदाव्या वर्षी घराबाहेर पडले. आधी अमृतसरला चुलत्याकडे भट्टी फुंकायला, आणि १९८४ मध्ये, विशी गाठली तेव्हा, श्रीनगर. विट्याहून कऱ्हाड, कऱ्हाडहून पुणे, पुण्याहून जम्मूची झेलम एक्सप्रेस, दोन रात्री गाडीत. जम्मूला उतरून बस, बनिहालच्या जवाहर बोगद्यातून पलीकडे. झेलम एक्सप्रेसनं जाऊन खरोखरच झेलमच्या काठी राहणारी माणसं किती असतील? बरोबर ज्वारीच्या पिठाचं पोतं. तिकडे भात, ज्वारी मिळायची नाही, आणि मामींना भाकरीशिवाय जेवल्यासारखं वाटायचं नाही.

बर्फाचं म्हणाल तर काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस 'चिल्लई कलां', म्हणजे थंडीचा ऐन भर. नळ गोठतात, दल सरोवराच्या कडेला बर्फ धरतो. फेरनच्या आत कांगडी घेऊन माणसं बसतात. ज्या माणसानं आयुष्यात थंडी म्हणजे माघातली शेकोटी एवढंच पाहिलं होतं, तो हे सगळं कसं सोसत असेल? मामा म्हणाले, "थंडीचं काय न्हाई रं. भट्टी असतीया की. पण खिडकी उघडता येत न्हाई." मला आधी कळलंच नाही. मग कळलं. नायट्रिक ॲसिडमधून तांबूस वाफा निघतात, त्या छातीत गेल्या की घात. उन्हाळ्यात दारं-खिडक्या सताड उघडून काम होतं. पण बाहेर उणे पाच असताना मालकानं खिडक्यांना प्लास्टिक मारलेलं, आणि आत तेजाब उकळतंय. धुराडं होतं, पण ते पुरेसं ओढायचं नाही. मामांचा खोकला तिथला आहे. डॉक्टर बिडी विचारतात, मामांनी कधी बिडी ओढली नाही.

धंद्यात धोका फक्त वाफांचा नव्हता. १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्यानं साध्या माणसाला शुद्ध सोन्याची लगड जवळ ठेवणंच गुन्हा होतं, तो कायदा १९९० मध्ये गेला. पण दुसरं भूत राहिलं ते भारतीय दंड विधानाचं कलम ४११, चोरीचा माल घेणं. आटवलेल्या सोन्याला तोंड नसतं. कुठेतरी चोर सापडतो, तो एका दुकानाचं नाव घेतो आणि पोलीस दारात. आमच्या भागात शाळकरी पोरालाही '४११' हा आकडा माहीत असतो. २०२४ पासून नवी न्याय संहिता आली, कलमाचा नंबर बदलला, धाक तोच. मामांना एकदा, श्रीनगरला नव्हे, खाली मैदानातल्या एका शहरात, पाहुण्याकडे गेले असताना दोन दिवस बसवून ठेवलं होतं. त्याबद्दल ते बोलत नाहीत. आईनं सांगितलं.

१९९० मध्ये काश्मीर पेटलं. मामा जम्मूला उतरले. सहा वर्षं तिथं काढली, मामेभाऊ तिथलाच जन्म. आणि मग पुन्हा वर गेले. का गेले, हा प्रश्न मी दोनदा विचारला. पहिल्यांदा म्हणाले, जम्मूत गलाईवाले फार झाले होते. दुसऱ्यांदा म्हणाले, श्रीनगरच्या एका सोनाराकडे त्यांची थोडी चांदी राहिली होती, त्यानं सहा वर्षं जपून ठेवून निरोप पाठवला. मला दोन्ही खरं वाटतं.

सप्टेंबर २०१४ मध्ये झेलम फुटली, लाल चौकासकट बाजारपेठ पाण्यात. मामांच्या दुकानात छातीएवढं पाणी. ओसरल्यावर शेजारपाजारचे फावड्यानं गाळ रस्त्यावर लोटत होते. मामांनी आपल्या दुकानातला गाळ पोत्यांत भरला. वर्षानुवर्षं भट्टीसमोर सांडलेली, फटीत गेलेली धूळ त्या गाळात मिसळली होती आणि गलाईच्या दुकानातली धूळ म्हणजे थोडं का होईना सोनंच. आपल्याकडे झारेकरी सोनाराच्या दारची माती धुतात, तसा तो गाळ मामा-मामींनी महिनाभर पाटीत धुतला. किती निघालं? "पत्र्याचं पैसं निघालं," मामा म्हणाले. म्हणजे दुकानाचं छप्पर.

ऑगस्ट २०१९ मध्ये ३७० कलम गेलं आणि फोन बंद झाले. आमच्या घरात आई रोज संध्याकाळी एकदा नंबर फिरवायची, मग गप्प बसायची. पोस्टपेड मोबाईल १४ ऑक्टोबरला सुरू झाले. मधल्या काळात एका लष्करातल्या गाववाल्यानं "ठीक आहेत" एवढं कळवलं होतं, त्या दोन शब्दांवर दिवस काढले. पाठोपाठ कोविड. २०२१ मध्ये मामा-मामी विट्याला परत आले, दुकान मामेभावाकडे.

आता ह्या सगळ्यात एक गोष्ट मला फार नंतर लक्षात आली. पस्तीस वर्षांत मामांनी श्रीनगरमध्ये स्वतःचं घर घेतलं नाही, कारण घेताच येत नव्हतं. बाहेरच्या माणसाला तिथं जमीन घ्यायची परवानगी कायद्यात नव्हती. २०२० मध्ये नियम बदलले, तोवर मामांचं वय झालं होतं. मग कमावलेला पैसा कुठं गेला? गावी, दोन मजली बंगल्यात. आमच्या भागात फिरलात तर असे बंगले दिसतील, ग्रॅनाइटचे, स्टीलच्या रेलिंगचे, आणि कुलूप लावलेले. दसऱ्याला, विट्याच्या पालख्यांच्या शर्यतीला उघडतात, नंतर परत कुलूप. राहतात तिथं घर नाही, घर आहे तिथं राहत नाहीत. (मनालीवाल्या मित्रालाही सांगून ठेवलंय, हिमाचलातही ११८ कलमाखाली बाहेरच्याला सहजासहजी जमीन घेता येत नाही. तो म्हणाला, मला कुठे घ्यायचीय! बरोबरच आहे.)

आता टेंभू योजनेनं कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उचलून आमच्या माळावर आणलंय. मामांच्या शेतात ऊस उभा आहे. मामेभाऊ मात्र यायचं नाव काढत नाही. तो काश्मिरी मराठीपेक्षा झरझर बोलतो, आणि धंदाही बदललाय. हॉलमार्क सक्तीचा झाला, मशिनखाली दागिना धरला की टंच पडद्यावर येतो, कसोटीचा दगड कपाटात. श्रीनगरातले मराठी गलाईवाले दरवर्षी गणपती बसवतात आणि झेलममध्ये विसर्जन करतात. २०२३ मध्ये पुण्यातल्या मंडळांच्या पुढाकारानं लाल चौकात दीड दिवसाचा गणपती बसला, तेव्हा टीव्हीवर केवढं कौतुक झालं. मामेभावाचा फोन आला, "आमचा गणपती कुणाला दिसलाच नव्हता वाटतं इतकी वर्षं."

हां, तो व्ह्यूचा प्रश्न राहिलाच. दुकानासमोरून शंकराचार्यांची टेकडी दिसायची. गुलमर्गला मामा एकूण दोन वेळा गेले, दोन्ही वेळा गावाकडचे पाहुणे दाखवायला. ट्रेक एकही नाही. आणि हिवाळ्यात दरवर्षी वेण्णा तलावाच्या कडेला दव गोठतं आणि 'महाबळेश्वरात बर्फ' म्हणून पेपरात फोटो येतो ना, तो मामी न चुकता कापून ठेवतात. त्यांना त्याचं हसू येतं.

काल फोनवर मामांना मित्राचं सगळं सांगितलं. मनाली, लाकडी घर, खिडकी, डोंगर. ते शांतपणे ऐकत होते. मला वाटलं, काहीतरी मोठं बोलतील. थोडं खोकले आणि म्हणाले, "पाण्याचा नळ कुठल्या अंगाला हाय, इचार. उत्तरंला असला तर डिसेंबरात पाणी न्हाई मिळायचं. रातच्याला बारीक धार सोडून झोपायचं म्हणावं."

मी मित्राला मेसेज केला. त्यानं घरमालकाला विचारलंय. अजून उत्तर आलेलं नाही.